अण्णांच्या वाटेवरची माणसं

२८ ऑगस्ट २०२३, श्रावणातला दुसरा सोमवार. दुपारी दीडच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि अण्णा उतरले. सकाळी सव्वासहापासून ते सापडत नव्हते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात स्टीलचा डबा, पाय मात्र अनवाणी. मुक्तिधामला बारा ज्योतिर्लिंगांच्या दर्शनाची श्रावणी सोमवारची रांग होती, तिच्यात तीन तास उभे होते म्हणे. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि रिक्षावाल्याला किती झाले विचारलं.

"राहू द्या ताई, पैसे कशाचे? बाबांना मी याच्याआधी चारदा आणून सोडलंय."

"चारदा?"

"तुम्हाला माहीत नाही होय? मला वाटलं, घरी माहीत असेल."

त्या क्षणी मला काही बोलायलाच सुचलं नाही. त्यानंतरचं वर्षभर मी जे केलं, ते सगळं या एका वाक्यातून निघालं आहे, म्हणून सुरुवात इथून करते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. जेलरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. छापून आलेल्या कागदांत कुठे दोष राहिला का ते बघायचं आणि गठ्ठे मोजायचे. २००६ मध्ये निवृत्त झाले. नाशिकरोडला "प्रेसमधले" एवढं म्हटलं की पुढची ओळख सांगावी लागत नाही. ते काम अण्णांच्या बोटांतून अजून गेलेलं नाही. हातात वर्तमानपत्र दिलं तरी डाव्या हाताने कोपरा दाबून उजव्या अंगठ्याने कडा एकेक सोडत जातात आणि त्यांचे ओठ हलत राहतात.

पहिली शंका आली ती २०२१ च्या नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या वेळी. सही करताना आडनावाच्या मध्यावर त्यांचा पेन थांबला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पुढे काय?" मी त्यांच्या कानात उरलेली दोन अक्षरं सांगितली. घरी येऊन हे कोणाला बोलले नाही. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. त्या दुःखाने असं होत असेल, वय झालं, असं म्हणत आम्ही आणखी एक वर्ष घालवलं.

मग तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक होतं. बी-१२ फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली. थोडी तरतरी आली, पण विसरणं तसंच राहिलं. एमआरआय झाला. न्यूरॉलॉजिस्टनी तीस गुणांची ती प्रश्नांची चाचणी घेतली. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर अण्णांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं न अडखळता सांगितलं. मला वाटलं, चला, काही नाहीये. पण थोड्या वेळापूर्वी लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांतला एकही त्यांना आठवेना आणि चालू महिना त्यांनी चैत्र सांगितला. निदान अल्झायमर. स्मृतिभ्रंशाच्या दर दहा रुग्णांत सहा-सात जणांना हाच आजार असतो, गोळ्यांनी लक्षणं काही काळ आवरतात पण आजार मागे फिरत नाही, हे डॉक्टरांनी न घाई करता समजावून सांगितलं.

घरी परतताना रिक्षात हे म्हणाले, "बाहेर कोणाला सांगायचं नाही. लोक म्हातारचळ म्हणतील." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवसभरात शंभर माणसांशी गाठ पडते. त्यांतल्या प्रत्येकाने "सासरे कसे आहेत?" विचारावं आणि त्याच्या डोळ्यांत ती कीव दिसावी, हे मला नको होतं. त्यामुळे विचारलं तर "तब्येत जरा बरी नसते" एवढंच सांगायचो.

हे अंबडला कंपनीत, तिन्ही पाळ्या. मुलगा तेव्हा बारावीला. सकाळी सहाला मी पाण्याच्या आणि डब्याच्या गडबडीत असले की अण्णा आवरून "ड्यूटीला" निघायचे. दाराला वर कडी बसवली, तरी आठवड्यातून एखाद्या वेळी हात चुकवून जायचेच. पण तासाभरात परत यायचे. आपापले जातात, आपापले येतात, पायांना वाट पाठ आहे, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं मी हेच समजत होते.

त्या सोमवारी ते परत आले नाहीत. पोलिसांत जायला निघालो तर कोणीतरी छातीठोकपणे म्हणालं की चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. त्यात आमचा दीड तास गेला. हा समज साफ चुकीचा आहे. असं माणूस हरवलं तर पहिल्या मिनिटाला जायचं, सोबत अलीकडचा फोटो न्यायचा आणि सकाळी अंगावर कोणते कपडे होते ते सांगायचं. एवढं कोणी माझ्याकडून लक्षात ठेवलं तरी हे लिहिल्याचं चीज झालं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अण्णांना त्यांच्या वेळेला जाऊ दिलं आणि मागे वीसेक पावलं राखून चालत राहिले. हातात मुलाची अर्धी कोरी दोनशेपानी वही होती. असे ओळीने चार दिवस गेले.

कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशी बसतात. अण्णा थांबले, मेथीची जुडी उचलली, दहाची नोट दिली, आणि जुडी तिथेच ठेवून पुढे निघाले. मावशींनी नोट घेतली आणि बाजूच्या पत्र्याच्या डबीत टाकली. मी जवळ गेले. त्यांनी मला आधी ओळखलं नाही. सून म्हटल्यावर डबी उघडून पुढे केली. आत दहादहाच्या नोटा, घड्या घातलेल्या, वर रबर. "तीनशे चाळीस हायेत बाई. भाजी नेत न्हाईत, पैसे न घेतले तर रागावत्यात. म्हनलं, कवातरी घरचं कोनी येईल."

पुढे टपरी. टपरीवाले आप्पा अण्णांना अर्धा कप बिनसाखरेचा चहा देतात. अण्णा म्हणतात, "मांडून ठेव." आप्पा खरोखर वही काढतात, तारीख घालून मांडतात आणि अण्णांना दाखवतात. मी हिशेब विचारला तर आप्पा म्हणाले, "वहिनी, ते त्यांच्या समाधानासाठी. मागायला नाही मांडत." साखर का नाही विचारलं, तर शुगर आहे असं अण्णाच एकदा बोलून गेले होते. आप्पांनी ते लक्षात ठेवलं होतं. अण्णा स्वतः आता ते विसरले आहेत.

आणि मग प्रेसचं फाटक. अण्णा ताठ उभे राहून खिसा चाचपू लागले, पासासाठी. फाटकावरचा जवान, पंचविशीचा मुलगा, उत्तरेकडचा. त्याने आधी नमस्कार केला. "बाबूजी, आज छुट्टी है. कल आइए." अण्णा म्हणाले, "असं का? बरं." आणि वळले. एवढंच. रोज तीच वाक्यं. घरी मी याच गोष्टीवरून त्यांच्याशी अर्धा अर्धा तास वाद घालत होते: अण्णा, तुम्ही रिटायर झालात, सतरा वर्षं झाली! ते चिडायचे, मी रडकुंडीला यायचे. त्या मुलाला कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी मला तीन वेळा सांगूनही जे जमलं नव्हतं, ते त्याला जमत होतं.

वहीत नावं वाढत गेली. रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्यात दुसऱ्यांदा मागितल्या तर "माल उद्या येतोय काका" म्हणून परत पाठवणारा मेडिकलवाला. पैसे घेऊन झाल्यावर स्वतःच रस्ता ओलांडून देणारा न्हावी. मैदानावरची पाचवी-सहावीची पोरं, जी अण्णांना अंपायर करतात आणि त्यांनी दिलेला आउट मान्य करतात, चुकीचा असला तरी. एकूण सतरा जण. यांतल्या एकालाही अण्णांना काय झालंय हे ठाऊक नव्हतं. आणि या सतरा जणांची आम्हालाही काही कल्पना नव्हती.

यांचे आभार मानायचे तर आधी आजाराचं नाव घ्यावं लागणार होतं. त्यावरून आमच्यात पंधरा दिवस धुसफूस झाली. शेवटी मी मावशींची ती डबी, पैशांसकट, यांच्यासमोर ठेवली. हे बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

एकेकाकडे जाऊन आम्ही सांगितलं. जितकी भीती वाटत होती, तसं काहीच झालं नाही. पण नुसते आभार मानून भागणार नाही, हेही तेव्हाच कळलं, कारण प्रेमापोटी लोक काही चुकाही करत होते. "ओळखा पाहू मी कोण?" हा त्यातला पहिला. विचारणाऱ्याला वाटतं, डोक्याला व्यायाम होतो. अण्णांचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा होतो. एका शेजाऱ्यांनी तर अण्णांनी सासूबाईंची चौकशी केली तेव्हा "अहो, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली ना!" असं सांगितलं. अण्णांना ती बातमी पहिल्यांदाच कळल्यासारखी कळली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग मी एक पान मराठीत लिहून काढलं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, तिच्याकडची घरच्यांसाठीची माहिती वाचली होती, डॉक्टरांनाही दाखवून घेतलं. आधी आपलं नाव सांगा, मग बोला. समोरून या, मागून खांद्यावर हात टाकू नका. एका वेळी एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. चूक दुरुस्त करू नका. लांब कुठे एकटे दिसले तर ओढू नका, दहा पावलं त्यांच्याबरोबर त्यांच्या दिशेने चाला, मग बोलत बोलत वळवा. खाली आमचे दोन फोन नंबर आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा, १४५६७. मेडिकलवाल्याने ते पान काउंटरच्या काचेखाली ठेवलं.

जाहीर कार्यक्रमाचा विचार दुसऱ्या वर्षी आला. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. वाचता वाचता दोन गोष्टी मनात बसल्या होत्या. जपानमध्ये या आजाराला पूर्वी जो शब्द होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये सरकारने तो बदलला आणि पुढच्याच वर्षापासून साध्या नागरिकांना दीड तासाचं प्रशिक्षण देऊन हातात नारिंगी कडं द्यायला सुरुवात झाली. दुसरी गोष्ट बेल्जियममधल्या ब्रुज गावची. तिथली दुकानं काचेवर गाठ मारलेल्या लाल रुमालाचं चित्र लावतात. अर्थ असा की, या दुकानात अशा माणसाला समजून घेतील. ते वाचलं आणि सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. काही विसरू नये म्हणून त्या पदराला गाठ मारायच्या. दळण आणायचं, गाठ. कोणाचे पैसे द्यायचे, गाठ. इतक्या लांबच्या गावातही तीच गाठ!

सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. २०२४ मध्ये २१ तारीख शनिवारी येत होती, पण गणपती १७ ला जाऊन पितृपक्ष लागलेला. एक काका म्हणाले, "पितृपक्षात सत्कार करतात का कुठे?" गोदेकाठी रामकुंडावर त्या दिवसांत पिंडदानाला रीघ लागलेली असते, लोकांच्या मनात ते पक्कं असतं, आणि मला कोणाचं मन मोडायचं नव्हतं. ए विंगमधल्या निवृत्त बाईंनी तोड काढली. सत्कार म्हणायचंच नाही, हारतुरे आणायचे नाहीत, पेढे नाहीत, सगळ्यांनी बसून चहा प्यायचा. त्यावर काका स्वतःच म्हणाले, "मग चहाचं माझ्याकडे." दुसरा मुद्दा फ्लेक्सचा. कोणीतरी मोठा पाहुणा बोलवू, प्रवेशद्वारावर फोटोंसकट फ्लेक्स लावू, असं दोघातिघांना वाटत होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. पाहुणा आला की दीड तास त्याचं स्वागत होतं आणि भाजीवाल्या मावशी मागच्या खुर्चीवर बसून राहतात. मला त्या पहिल्या रांगेत हव्या होत्या.

शाल-श्रीफळाऐवजी काय द्यायचं? शाल घेऊन न्हावी घरी गेला तर कशासाठी मिळाली हे तो कसं सांगणार? म्हणून मी सतरा कार्डं हाताने लिहिली. प्रत्येकावर त्या माणसाने नेमकं काय केलं, वहीतल्या तारखेसकट. "१४ जून. जोराचा पाऊस. तुम्ही दुकान तसंच टाकून अण्णांना छत्रीतून घरापर्यंत आणलंत." अशा ओळी. त्यासाठी वर्षभराची वही पुन्हा चाळली. तीन रात्री गेल्या. प्रत्येक कार्डाबरोबर कोपऱ्याला गाठ मारलेला एक लाल रुमाल.

अण्णांना तिथे बसवावं की नाही, यावर मी सर्वांत जास्त विचार केला. त्यांच्यासमोर त्यांच्याच आजाराबद्दल बोलणं मला पटत नव्हतं. शेवटी ठरलं की आजाराबद्दलचं बोलणं आधी उरकायचं आणि अण्णांना नंतर खाली आणायचं, सगळ्यांबरोबर चहाला.

पार्किंगमध्ये मंडळाच्या उरलेल्या खुर्च्या मांडल्या. मी सहा-सात मिनिटं बोलले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या दर शंभरात साधारण ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसं. आपल्या सोसायटीत साठीपुढची चाळीस माणसं आहेत, मी मोजली आहेत. या हिशेबाने तीन घरं होतात. मला एकच माहीत आहे, माझं. एवढं म्हणून मी थांबले. कोणी काही बोललं नाही, पण दोन-तीन माना खाली गेलेल्या मला दिसल्या.

मग अण्णा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. तो त्यांनी उचलला. मी घ्यायला पुढे होणार तेवढ्यात त्यांनी डावा हात कोपऱ्यावर दाबला आणि अंगठ्याने कडा सोडायला लागले. ओठ हलायला लागले. शेवटपर्यंत गेले, थांबले, भुवया आक्रसल्या, आकडा निसटला असावा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा. माझ्या छातीत धडधडत होतं. हे उठायला लागले, मी नजरेने बसवलं. चाळीसएक माणसं होती तिथे. कोणी हसलं नाही, कोणी "सतरा आहेत अण्णा" म्हणालं नाही. मैदानावरची पोरंसुद्धा हाताची घडी घालून उभी. आप्पा चहाचा कप हातात धरून तसेच, तो पीत नव्हते. रस्त्यावरून गाड्यांचे हॉर्न येत होते आणि मध्ये फक्त कागदाची सरसर. पाचव्यांदा मोजून झाल्यावर अण्णांनी गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि मला म्हणाले, "बरोबर आहेत. बांधून घ्या."

मी रबर लावून बांधले. मग पुन्हा सोडून एकेकाला दिले.

भाजीवाल्या मावशींना वाचता येत नाही. त्यांचं कार्ड अंपायरवाल्या पोरांतल्या एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात डबीतले तीनशे चाळीस रुपये होते, त्यावर मावशी म्हणाल्या, "आता पुन्यांदा दोनशे झालेत." जवानाला ड्यूटीमुळे येता आलं नाही, मी फाटकावर जाऊन दिलं. कार्ड मराठीत आहे म्हणून त्याने आप्पांकडून हिंदीत समजून घेतलं. रिक्षावालाही आला नव्हता, शनिवारचा धंदा. त्याला बिटको चौकातल्या स्टँडवर गाठलं. त्याने कार्ड वाचलं, परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात आत सरकवलं, रुमाल आरशाला बांधला आणि म्हणाला, "ताई, असे आणखी दोन बाबा आहेत माझ्या रूटवर. ते पान मला दहा प्रती द्या."

पुढच्या रविवारी सी विंगमधल्या एक ताई घरी आल्या. दार लावून घेऊन बोलल्या, आईबद्दल. मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला आणि आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या म्हटलं.

गेल्या हिवाळ्यापासून अण्णांचं बाहेर जाणं कमी झालंय, गुडघे दुखतात. बोलणंही आटत चाललंय. तरी महिन्यातून दोनदा-तीनदा सकाळी डबा मागतात, आणि मग मी किंवा मुलगा बरोबर जातो. मध्यंतरी फाटकावरच्या त्या जवानाची बदली झाली, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही फाटकापाशी पोचलो तर नवीन चेहरा, चाळिशीचा, मिशीवाला. अण्णा खिसा चाचपायला लागले. मी घाईने पुढे झाले, कसं समजावून सांगायचं याची जुळवाजुळव करत. त्याच्या आधीच त्याने हात जोडले.

"बाबूजी, आज छुट्टी है. कल आइए."

मी वळून बघितलं. रस्त्यापलीकडे टपरीत आप्पा दूध ओतत होते. त्यांनी तिथूनच मान हलवली आणि अण्णांचा अर्धा कप बाजूला काढून ठेवला.